खोकता यावं म्हणून

बायपास झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत विचारलं, "काका, कुठं दुखतंय?" तर ते डावीकडे हृदयावर हात नेत नाहीत. छातीच्या मधोमध लावलेल्या उभ्या पट्टीवर हात ठेवतात. मग पोटाच्या वरच्या बाजूला, जिथून ड्रेनच्या नळ्या बाहेर आल्यात तिथं बोट दाखवतात. हृदयापर्यंत पोचायचं तर छातीचं हाड करवतीनं वरपासून खालपर्यंत कापावं लागतं, दोन्ही बाजू फाकवून काही तास तशाच धराव्या लागतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी हाड पुन्हा बांधावं लागतं. फाकवताना बरगड्यांचे मागचे सांधेही ताणले जातात, त्यामुळं पाठ आणि खांदेही दुखतात.

अशा माणसाला आम्ही सांगतो, खोल श्वास घ्या, उशी छातीशी घट्ट धरा आणि खोका. एसटीत वाहक म्हणून उभी हयात काढलेल्या एका काकांनी मला विचारलं होतं, "बाई, खोकलो तर तारा सुटतील का हो?" तारा सहसा सुटत नाहीत. पण दुखतं इतकं, की माणूस खोकणं टाळतो आणि वरवर श्वास घेतो. कफ फुफ्फुसाच्या तळाशी साचतो, तो भाग मिटत जातो आणि तिसऱ्या दिवशी ताप चढतो. हृदयाचं काम उत्तम झालेलं असतं आणि माणूस न्यूमोनियानं आयसीयूत अडकून पडतो. मी हृदयशस्त्रक्रियेची भूलतज्ज्ञ. आधी मुंबईत आणि नंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात हेच काम केलं. नसेजवळ औषध टोचून वेदना अडवण्याची खटपट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे ती उघड्या हृदयाच्या रुग्णापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला. तो का लागला, हे मला सांगायचं आहे.

आधी वेदनेची वाट बघू. प्रत्येक बरगडीची एक नस असते. ती मज्जारज्जूतून निघते, दोन मणक्यांच्या फटीतून बाहेर पडते, बरगडीच्या खालच्या कडेनं वळसा घालत पुढं येते आणि छातीच्या हाडाशेजारी वर येऊन संपते. छातीच्या हाडाची वेदना मुख्यतः दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या नसा नेतात. म्हणजे हा निरोप कण्याच्या आत अडवता येतो, कण्याला लागून अडवता येतो, पाठीच्या स्नायूंत अडवता येतो आणि अगदी पुढं, हाडाच्या काठावरही अडवता येतो. शंभर वर्षांत भूलतज्ज्ञांची सुई या वाटेवर मागून पुढं सरकत आली आहे.

सुरुवात व्हिएन्नातल्या एका तरुण डॉक्टरपासून होते. कार्ल कोलर यांना १८८४ साली लक्षात आलं, की कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले तर डोळा बधिर होतो आणि माणूस जागा असताना त्यावर शस्त्रक्रिया करता येते. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलर यांच्याकडे तिथवर जायला पैसे नव्हते, म्हणून त्यांचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. बातमी अटलांटिक ओलांडून गेली आणि न्यूयॉर्कमध्ये विल्यम हालस्टेड यांनी कोकेन थेट नसेजवळ टोचायला सुरुवात केली. ब्लॉक म्हणतात तो इथं जन्मला. हालस्टेड आणि त्यांचे सहकारी हे प्रयोग स्वतःच्या अंगावर करत. त्यातून जडलेल्या व्यसनाचं ओझं हालस्टेड यांनी पुढं जन्मभर वाहिलं. आज लिग्नोकेनची बाटली हातात घेताना आपल्या कलेची ही किंमत कुणीतरी आधी मोजली आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

कोकेनपेक्षा सुरक्षित औषधं नंतर आली. १९०४-०५ च्या सुमारास आइनहॉर्न यांचं प्रोकेन आलं, १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केलं, १९५७ साली बुपिवाकेन आलं. सुई कुठं घालायची याचे प्रयोगही चालूच होते. १९०५ साली जर्मनीत ह्यूगो सेलहाइम यांनी कण्याला लागून, नस जिथं बाहेर पडते तिथंच औषध दिलं. हा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक. काही वर्षं तो चालला, मग मागं पडला आणि १९७९ साली ईसन आणि वायट या दोघांनी त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधेपर्यंत जवळजवळ विसरला गेला.

कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडण्याची एपिड्युरलची पद्धत १९२१ साली फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी सर्जननी लिहून ठेवली. ते १९२३ साली मोटार अपघातात गेले आणि त्यांचा स्पॅनिशमधला लेख बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. त्या लेखानंतर दहा वर्षांनी इटलीतल्या आकिल्ले दोल्योत्ती यांनी ती पद्धत स्वतंत्रपणे बसवली. सुई पुढं सरकवताना पिचकारीचा दट्ट्या एकदम हलका पडतो, तीच ती जागा, ही खूण त्यांनी रुजवली. आजही प्रत्येक भूलतज्ज्ञाचा अंगठा त्याच खुणेवर चालतो. याच दोल्योत्तींनी १९५१ च्या ऑगस्टमध्ये तोरिनोमध्ये छातीतली मोठी गाठ काढताना रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवलं होतं. जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हार्ट-लंग मशीन वापरून हृदयातलं छिद्र बुजवलं ते १९५३ च्या मे महिन्यात. एपिड्युरल आणि रक्त फिरवणारं यंत्र या दोन गोष्टी एकाच सर्जनच्या हातून गेल्या होत्या. एकाच रुग्णावर त्या नेमानं एकत्र यायला मात्र पुढं कित्येक वर्षं गेली.

कारण मधे मॉर्फिन होतं. १९६९ साली बोस्टनच्या लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदय अगदी दुबळं असलेला रुग्णसुद्धा मॉर्फिनचे मोठे डोस सहन करतो. रक्तदाब कोसळत नाही, नाडी शांत राहते. त्याआधीच्या वर्षी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं होतं. हृदयशस्त्रक्रिया जगभर वाढत होती आणि तिला शोभेल अशी भूल मिळाली होती. १९७८ पासून मॉर्फिनची जागा मोठ्या डोसातल्या फेंटानिलनं घेतली. या भुलीत रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर झोपून असे. झोपलेल्या माणसाला कुठं दुखतं हे विचारायचा प्रश्नच येत नव्हता. १९९० नंतर ही पद्धत बदलली. खर्च वाढले, खाटा कमी पडू लागल्या, रुग्णाला काही तासांत जागं करून नळी काढायची चाल सुरू झाली. आता माणूस संध्याकाळीच जागा होऊ लागला आणि त्याला दुखतंय हे सगळ्यांना ऐकू येऊ लागलं.

आपल्याकडे या जाग्या झालेल्या माणसासाठी मॉर्फिन बहुतेक ठिकाणी नव्हतंच. हे वाचकाला नवल वाटेल. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं शिक्षा इतक्या कडक केल्या आणि राज्याराज्यांचे परवाने इतके किचकट झाले, की लहानमोठ्या रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. मी शिकत होते तेव्हा मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं असत. एक अँप्यूल घ्यायची तर रजिस्टरवर सही, वापरून झाली की रिकामी काच परत, पुन्हा सही. रात्री दोन वाजता दुसऱ्या किल्लीचा माणूस शोधण्यापेक्षा सिस्टर ट्रमाडॉल देऊन मोकळ्या होत. कायद्यात सुधारणा झाली ती २०१४ साली. या तीस वर्षांत हृदयाच्या किती रुग्णांनी दात आवळून रात्री काढल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मॉर्फिन नाही तर काय देत होतो? ट्रमाडॉल दिलं तर रुग्णाला मळमळतं आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा ताण येतो. डायक्लोफेनॅक दिलं तर मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांची काळजी. पेन्टाझोसिन हृदयावरचा भार वाढवतं. उरलं पॅरासिटामॉल. ते चांगलं औषध आहे, पण कापलेल्या हाडाला एकटं पुरत नाही. मी तेव्हा ज्या ठिकाणी काम करत होते तिथं राउंडला हा विषय काढला, की एक उत्तर ठरलेलं असे, "हृदय उघडलंय, थोडं दुखणारच." नातेवाईकही रुग्णाला तेच सांगत. मला ते उत्तर तेव्हाही मान्य नव्हतं. वेदनेनं नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. ज्या हृदयाला वाचवायला एवढा खटाटोप केला, त्यालाच ही शिक्षा कशासाठी?

एपिड्युरल हा खरा उपाय दिसत होता. बायपासनंतर वाढणाऱ्या रक्तदाबासाठी छातीच्या पातळीवर एपिड्युरल नळी ठेवल्याचा अनुभव १९७६ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यानं वेदना थांबते आणि हृदयाला चेतवणाऱ्या नसाही शांत होतात. पण अडसर होता हेपॅरिनचा. मशीनवर घेण्याआधी रुग्णाचं रक्त गोठू नये म्हणून किलोमागे तीनशे ते चारशे युनिट हेपॅरिन द्यावं लागतं. त्या वेळी कण्याच्या आत सुईनं एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावलेली असली, तर तिथं रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येतो आणि माणूस कमरेखाली कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून नळी आदल्या संध्याकाळीच घालायची आणि सुईतून रक्त आलं तर शस्त्रक्रिया एक दिवस पुढं ढकलायची, असा दंडक आला. रुग्णाची, सर्जनची, ऑपरेशन थिएटरची तारीख ठरलेली असताना तो पाळायला किती धैर्य लागतं, हे ज्यांनी पाळलं त्यांनाच ठाऊक.

भारतात हे धैर्य बेंगळुरूनं दाखवलं. वोक्हार्ट रुग्णालयात भूलतज्ज्ञ मुरली चक्रवर्ती आणि सर्जन विवेक जवळी यांच्या चमूनं छातीतली एपिड्युरल रोजच्या कामात आणली. इतकी, की काही रुग्णांची बायपास त्यांनी फक्त एपिड्युरलवर, व्हेंटिलेटरशिवाय केली. हृदय धडधडत होतं आणि रुग्ण जागा होता. २००५ साली त्यांनी २,११३ रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. तो निबंध आम्ही इथं छायाप्रती काढून वाचला. कौतुक वाटलं, पण प्रत्येक शहरात तो हात नाही, हेही कळलं. ज्या रुग्णालयात रात्री एमआरआय होत नाही, मेंदूचे सर्जन येत नाहीत, तिथं एखाद्या रुग्णाचे पाय हलेनासे झाले तर करायचं काय? मी स्वतः एपिड्युरलच्या बाजूनं असूनही आमच्याकडे ती सर्रास करू दिली नाही. तो निर्णय बरोबरच होता.

सुई कण्यापासून दूर न्यायची तर ती कुठं जातेय हे दिसायला हवं. ते सोनोग्राफीमुळं शक्य झालं. १९९४ साली कॅप्राल आणि सहकाऱ्यांनी हाताच्या नसांचा ब्लॉक पडद्यावर बघत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तीही व्हिएन्नातून. कोलर यांच्याच गावातून, एकशे दहा वर्षांनी. आपल्याकडे त्याच १९९४ साली गर्भलिंगनिदान रोखणारा केंद्राचा कायदा झाला. महाराष्ट्रानं तर तसा कायदा १९८८ सालीच केला होता, देशात सगळ्यात आधी. मुलींच्या जिवासाठी तो हवाच होता आणि आजही हवा आहे. त्यामुळं प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, त्याची जागा ठरलेली, ते वापरणाऱ्या डॉक्टरांची नावं ठरलेली. यंत्र रेडिओलॉजी विभागात आणि मी ऑपरेशन थिएटरमध्ये. थिएटरसाठी वेगळं यंत्र घ्यायचं तर पुन्हा कागदपत्रं, तपासणी आणि वाट बघणं. बऱ्याच रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी म्हटलं, कटकट नको. अफूचा कायदा आणि सोनोग्राफीचा कायदा, दोन्ही चांगल्या हेतूनं केलेले. दोन्हींच्या मधे हृदयाचा रुग्ण उशी छातीशी धरून बसला होता. कायदे करणाऱ्यांना तो दिसला नाही. दाखवायला हवा होता तो आम्ही डॉक्टरांनी, आणि आमची संघटित मागणी उशिरा आली.

थिएटरमध्ये यंत्र आल्यावर गोष्टी भराभर बदलल्या. २०११ ते २०१३ या काळात राफाएल ब्लांको यांनी छातीच्या पुढच्या आणि बाजूच्या स्नायूंच्या थरांमधे औषध सोडण्याच्या पद्धती मांडल्या. २०१६ साली कॅनडातल्या हॅमिल्टनहून मॉरिसिओ फोरेरो यांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉक सांगितला. त्यांचे पहिले रुग्ण हृदयाचे नव्हतेच, बरगड्यांच्या जुनाट नसवेदनेनं हैराण झालेले होते. आपल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठ ताठ ठेवणारा लांब स्नायू आहे. त्याच्याखाली मणक्याचं आडवं टोक असतं. पडद्यावर ते टोक पांढरं, ठसठशीत दिसतं आणि मागं काळी सावली पडते. सुई त्या हाडाला टेकवायची आणि औषध सोडायचं. चिरोट्याच्या पापुद्र्यांमधे पाक शिरावा तसं ते स्नायू आणि हाड यांच्यामधून वरखाली चार-पाच बरगड्यांपर्यंत पसरतं. मज्जारज्जू दूर राहतो, मोठी रक्तवाहिनी वाटेत नसते, आणि चुकून रक्त साचलं तर ते स्नायूत साचतं. हेपॅरिनची भीती एका झटक्यात कितीतरी कमी झाली.

हा ब्लॉक हृदयाच्या रुग्णांपर्यंत नेण्यात भारतीय भूलतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याकडेच पुरेसा माहीत नाही. २०१८ साली बेंगळुरूच्या जयदेव संस्थेतून नागराज आणि सहकाऱ्यांनी हा ब्लॉक थेट एपिड्युरलसमोर उभा करून तपासला. २०१९ साली दिल्लीच्या एम्समधून १०६ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांना ब्लॉक, निम्म्यांना पॅरासिटामॉल आणि ट्रमाडॉल. नळी काढल्यानंतर वेदना आटोक्यात राहिली ती ब्लॉकवाल्यांची सुमारे नऊ तास आणि दुसऱ्यांची साडेचार. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीत साडेचार तासांचा फरक म्हणजे काय, हे आयसीयूतल्या कुठल्याही सिस्टरला विचारावं.

याच काळात सुई अगदी पुढं, छातीच्या हाडाच्या काठावर पोचली. २०१४ साली स्पेनमधून आणि २०१५ साली जपानमधून, हाडाशेजारीच पण वेगवेगळ्या खोलीवर औषध सोडण्याच्या दोन पद्धती आल्या. खोलवरची पद्धत मला पसंत नाही. तिथं छातीच्या आतली ती धमनी असते, जी सर्जन हृदयावर जोडायला वापरतात, आणि तिच्या खाली लगेच फुफ्फुसाचं आवरण. वरवरची पद्धत सोपी आहे आणि रुग्णाला कुशीवर वळवावंही लागत नाही. शस्त्रक्रिया संपली, पट्टी लागली, की दोन्ही बाजूंना काही मिनिटांत ब्लॉक होतो. उणीव एकच, ड्रेनच्या नळ्यांची जागा त्यात येत नाही. तिथं सर्जननी वेगळं औषध टोचावं लागतं, आणि आता ते टोचतातही. इरेक्टर स्पायनीचं औषध पुढच्या हाडापर्यंत खरंच पोचतं का, यावर मृतदेहांमधे रंग सोडून केलेल्या अभ्यासांत एकमत नाही. माझा अनुभव असा, की काहींना उत्तम पोचतं, काहींना अर्धवट. म्हणून फक्त हाड कापलं असेल तर मी पुढचा ब्लॉक देते. डावी छातीही उघडली असेल, पाठदुखीचा पूर्वेतिहास असेल, तर पाठीमागचा.

धोका नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बधिर करणारी ही औषधं रक्तात जास्त उतरली तर पहिला घाव मेंदूवर आणि हृदयावरच पडतो. बुपिवाकेननं हृदय थांबल्याच्या घटनांकडे १९७९ साली जॉर्ज अल्ब्राइट यांनी लक्ष वेधलं आणि त्यातूनच पुढं रोपिवाकेनसारखं सौम्य औषध आलं. १९९८ साली शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं, की शिरेतून पोषणासाठी देतात तो दुधाळ स्निग्ध द्रव या विषबाधेवर उतारा ठरतो. २००६ पर्यंत तो माणसांतही यशस्वी झाला. वजनाप्रमाणे मोजून डोस आणि थिएटरमध्ये हाताशी त्या दुधाळ द्रवाची बाटली, या दोन गोष्टी असल्याशिवाय कुणीही हा ब्लॉक देऊ नये. महिनोन्‌महिने टिकणारी छातीची वेदना ब्लॉकमुळं कायमची टळते असं अजून सिद्ध झालेलं नाही. पहिल्या दिवसाची वेदना आणि इतर वेदनाशामकांची गरज मात्र कमी होते. तेवढ्यानंही रुग्ण उठून बसतो, खोल श्वास घेतो, खोकतो.

म्हणून घरात कुणाची हृदयशस्त्रक्रिया ठरली असेल तर एक करा. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रुग्णाला भेटायला येतात. त्यांच्याशी बोलताना बहुतेक कुटुंबं फक्त धोका किती एवढंच विचारतात. त्यांना विचारा, जाग आल्यावर दुखू नये म्हणून काय करणार? तुमच्याकडे छातीचा ब्लॉक देतात का? नसेल तर त्याऐवजी काय? रक्त पातळ करणारी कुठली गोळी रुग्ण घेतो, ती शेवटची कधी घेतली, आधी कुठल्या इंजेक्शननं त्रास झाला होता का, हे स्वतःहून सांगा. संकोच करू नका. या प्रश्नांची उत्तरं देणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.